कैकाडी समाज : एक जात, दोन याद्या



तुरीच्या काड्यांच्या टोपल्या व कणग्या विणणारा, गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून हिंडणारा कैकाडी समाज महाराष्ट्रास अपरिचित नाही. त्याची घरातील बोली तमिळशी नाते सांगणारी, बाहेर मराठी. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने १९८० साली त्याचे जिणे वाचकांपर्यंत पोचविले. परंतु शासकीय वर्गीकरणात हा समाज कोठे बसतो, हे जिल्हा विचारल्यावाचून सांगता येत नाही.

अकोला, अमरावती, भंडारा, बुलढाणा, नागपूर, वर्धा, यवतमाळ हे जिल्हे आणि राजुरा तालुका वगळून चंद्रपूर, एवढ्या प्रदेशात कैकाडी ही अनुसूचित जात होय. अन्यत्र ती विमुक्त जात आहे. या भेदाचे मूळ समाजस्थितीत नसून जुन्या सीमांत आहे. १९५० साली विदर्भ मध्य प्रदेशात होता, तर राजुरा व मराठवाडा हैदराबाद राज्यात. प्रत्येक राज्याची यादी निराळी. मुंबई राज्यात तर या समाजावर गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला आणि ‘विमुक्त’ हे नाव आले. पुढे प्रदेश एक झाले, याद्या झाल्या नाहीत.

देऊळगाव राजा बुलढाणा जिल्ह्यात, जालना शेजारीच. या दोन गावी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या दोन भावकीतील घरांपैकी एकास राज्याच्या सेवांत १३ टक्के आरक्षणाचा वर्ग, दुसऱ्यास ३ टक्क्यांचा. विधानसभेच्या राखीव जागा आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाचे संरक्षण पहिल्यासच. टोपली मात्र दोघांचीही सारखीच!

बिऱ्हाड हलविल्याने वर्ग बदलत नाही. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० आणि विमुक्त जातीसाठी २१ नोव्हेंबर १९६१ या दिवशी पूर्वज कोठे राहत होते, ते पाहिले जाते. खरी अडचण येथे आहे. पालावर राहणाऱ्याजवळ त्या काळचा सातबारा कोठून असणार? अशा वेळी आजोबाचे नाव असलेला शाळेचा जुना रजिस्टर किंवा गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीतील एखादी ओळ हाच आधार ठरतो. म्हणून जीर्ण दप्तर रद्दीत घालण्यापूर्वी ते चाळून पाहावे; आणि मुलाचे नाव दाखल करताना जातीच्या रकान्यात नुसते ‘मागासवर्गीय’ न लिहिता ‘कैकाडी’ असेच लिहावे, मूळ गाव व तालुकाही विचारून घ्यावा.

अनुसूचित जातींच्या यादीत बदल करण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद ३४१ अन्वये केवळ संसदेस आहे. राज्य शासन शिफारस करू शकते. तोपर्यंत तहसील कचेरीतील अर्जाचा निकाल त्या जुन्या ओळीवरच लागावयाचा.