साखर कारखान्याची जागा आणि नदीकाठचे मनोरे
(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय न्यूयॉर्क शहरातील एका वस्तीचा आहे. ब्रुकलिन भागात ईस्ट नदीच्या काठी विल्यम्सबर्ग नावाची कामगारवस्ती होती. वस्ती आजही जागच्या जागी आहे, नदीही तीच आहे. परंतु ज्या कष्टकऱ्यांची ती होती त्यांतील हजारोंना तेथून उठावे लागले आणि काठावर काचेचे मनोरे उभे राहिले. या स्थित्यंतराला भांडवली वृत्तपत्रे 'कायापालट' म्हणतात. जणू काही ऋतू पालटावा तसे ते आपोआप घडले! जमिनीची किंमत नेमकी कोण निर्माण करतो आणि ती कोणाच्या खिशात जाते, हा प्रश्न या एका जागेच्या हिशेबावरून आपल्याला तपासता येईल.

अनुवादाचे काम करताना या विषयातील दोन इंग्रजी शब्दांशी माझी नेहमी झटापट होते. पहिला 'जेन्ट्रिफिकेशन'. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनच्या कामगारवस्त्यांविषयी लिहिताना तो घडवला. मराठीत त्याला कोणी 'अभिजनीकरण' म्हणतात, कोणी 'भद्रीकरण'. दोन्ही शब्दांत येणारा दिसतो. जाणारा दिसत नाही. दुसरा शब्द 'परवडणारे घर'. याचा अनुवाद अगदी सोपा आहे, आणि म्हणूनच तो अधिक फसवा आहे. त्याकडे मी नंतर वळेन.

हॅवमायर कुटुंबाने १८५६ मध्ये या काठावर साखर शुद्ध करण्याचा कारखाना काढला. १८८२ च्या आगीनंतर तो पुन्हा बांधला गेला. १८८७ मध्ये याच कुटुंबाच्या पुढाकाराने साखरेचा प्रचंड ट्रस्ट उभा राहिला व अमेरिकेतील साखरशुद्धीच्या धंद्यावर त्याने मक्तेदारी बसवली. कॅरिबियन बेटांवरील मळ्यांत गुलामांनी, आणि गुलामी संपल्यावर अर्धपोटी मजुरांनी, पिकवलेल्या उसाची कच्ची साखर जहाजांनी या धक्क्यावर उतरे. पुढे तिला 'डॉमिनो' हे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्वेर्तो रिकोहून आलेल्या श्रमिकांनी कारखान्यामागच्या गल्ल्या भरल्या. त्या दक्षिण भागाला ते आपल्या स्पॅनिश भाषेत 'लोस सुरेस' म्हणू लागले.

१९७० च्या दशकात या गल्ल्यांची अवस्था भीषण होती. बँका कर्ज देत नव्हत्या, घरमालक इमारती टाकून जात होते, घरांना आगी लागत होत्या. सधन माणूस तिकडे फिरकत नसे. त्या काळी वस्ती जिवंत ठेवली ती भाडेकरूंनी. १९७२ मध्ये 'लोस सुरेस' याच नावाची त्यांची संस्था निघाली. मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या इमारती तिने ताब्यात घेतल्या व दुरुस्त केल्या. १९९० च्या दशकात जवळच्या नौदल गोदीत कचरा जाळण्याची प्रचंड भट्टी उभारण्याचा महापालिकेचा बेत होता. तो हाणून पाडण्यासाठी लॅटिन रहिवासी आणि त्यांचे शेजारी, कर्मठ ज्यू, एरवीचे हाडवैर बाजूला ठेवून एकत्र आले. नदीकाठाची हवा श्वास घेण्याजोगी राहावी म्हणून कोण लढले, हे मनोऱ्यांच्या जाहिरातपत्रकांत छापलेले नसते.

आता कारखान्याकडे. जून १९९९ मध्ये तेथील अडीचशेहून अधिक कामगार संपावर गेले. तेव्हा मालकी 'टेट अँड लाइल' या ब्रिटिश कंपनीची होती. तिला नोकऱ्या कापायच्या होत्या व सेवाज्येष्ठतेचे संरक्षण काढून घ्यायचे होते. संप २० महिने चालला. न्यूयॉर्कच्या इतिहासातील दीर्घ संपांत त्याची गणना होते. इतर संघटनांकडून हवे तेवढे बळ मिळाले नाही, काही कामगार फुटून आत गेले, आणि फेब्रुवारी २००१ मध्ये बहुतांशी मालकाच्या अटींवर कामगारांना परतावे लागले. त्याच वर्षी कंपनीने आपला अमेरिकेतील साखरेचा धंदा विकला. २००४ मध्ये साखरशुद्धी थांबली.

येथून पुढचा हिशेब नीट ध्यानात घ्यावा. कारखाना बंद झाल्यावर ही सुमारे ११ एकर जागा विकली गेली ती सुमारे साडेपाच कोटी डॉलरना. २०१० मध्ये नगर परिषदेने तिचा उद्योगासाठी राखीव असलेला दर्जा बदलून तेथे उंच निवासी इमारतींना मंजुरी दिली. २०१२ मध्ये तीच जागा 'टू ट्रीज' या बांधकाम कंपनीने घेतली साडेअठरा कोटी डॉलरना. मधल्या आठ वर्षांत तेथे साखरेचा एक दाणा तयार झाला नव्हता, एक घरही उभे राहिले नव्हते. किंमत मात्र तिपटीहून वर गेली. ती वाढवण्यात मालकाच्या उद्यमशीलतेचा वाटा कितीसा होता? वस्ती राहण्याजोगी केली रहिवाशांनी. उंच बांधण्याचा अधिकार दिला लोकांनी निवडलेल्या सभागृहाने. जमिनीच्या खंडाविषयी मार्क्सने केलेले विवेचन आपल्यापैकी अनेकांना क्लिष्ट वाटते. त्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

डॉमिनोची जागा काही अपवाद नव्हती. तिच्या उत्तरेचा नदीकाठ मे २००५ मध्येच, महापौर ब्लूमबर्ग यांच्या कारकीर्दीत, असाच खुला करण्यात आला होता. गोदामांच्या जागी तीस-चाळीस मजली इमारती आल्या. त्यांत विकावयाच्या मालकी सदनिका, म्हणजे 'कॉन्डो', मोठ्या प्रमाणावर होत्या. वर १९७१ पासून चालत आलेल्या '४२१-ए' या करसवलतीमुळे अशा नव्या इमारतींच्या मालमत्ता कराचा मोठा भाग वर्षानुवर्षे माफ होई. म्हणजे शहराच्या तिजोरीने श्रीमंतांच्या घरांना हातभार लावला. मोबदल्यात रहिवाशांना नदीकाठी २८ एकरांचे उद्यान देऊ केले होते. त्यासाठी लागणारी शेवटची मोठी जागा हाती येण्याचा करार व्हायला २०१६ साल उजाडले, आणि तोही लोकांनी दहा वर्षे मागे लागल्यानंतर, १६ कोटी डॉलर मोजून. जागेची किंमत कशाने भडकली होती? पालिकेच्याच २००५ च्या निर्णयाने!

आणि आता तो शब्द : 'परवडणारे'. डॉमिनोच्या जागेवर सुमारे २,३०० घरांपैकी ७०० परवडणारी असतील, असे २०१४ मध्ये ठरले. आधीच्या आराखड्यात ती ६६० होती. नव्या महापौरांनी ताणून धरले म्हणून ४० वाढली. परंतु परवडणारी कोणाला? उत्पन्नाची मध्यरेषा काढताना केवळ ती वस्ती धरत नाहीत. सारे न्यूयॉर्क आणि शहराबाहेरचे सधन परगणेही धरतात. त्यामुळे गरीब गल्लीच्या मानाने ती रेषा बरीच वर जाते. पहिल्या इमारतीतील १०४ अशा घरांसाठी २०१७ मध्ये सोडत निघाली, तेव्हा ८० हजारांहून अधिक अर्ज आले.

मुंबईच्या गिरणगावातील सोबत्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. तेथेही आधी १९८२ चा संप मोडला गेला, मग जमीन मोकळी झाली. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीचा तिसरा हिस्सा खुल्या जागेला, तिसरा हिस्सा गृहनिर्माणाला, असे सूत्र होते. २००१ च्या दुरुस्तीने 'जमीन' म्हणजे केवळ इमारती नसलेली मोकळी जमीन, असा अर्थ लावला आणि लोकांचा वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. साम्य आहे, पण ते ताणू नये. मुंबईत गिरणी कामगाराच्या घराचा हक्क ही चळवळीची मागणी झाली व काही अंशी ती मान्य करून घ्यावी लागली. ब्रुकलिनमध्ये संप आणि घर या दोन स्वतंत्र लढाया राहिल्या : संप संघटनेचा, घर भाडेकरूंचे. कारखान्याच्या फाटकावरचा पराभव हाच पुढे गल्लीतल्या भाडेवाढीला वाट करून देणार आहे, हे जोडून पाहणारी संघटना तेथे पुरेशी बलवान नव्हती. माझ्या मते सगळ्या प्रकरणातील मर्माची जागा ही आहे.

मात्र तेथे सारे सामसूम झाले, असे समजण्याचे कारण नाही. जून २०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने भाडेकरू संरक्षणाचे कायदे पुष्कळ कडक केले. घर रिकामे झाले व भाडे ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की ते नियंत्रणातून सुटे; ही पळवाट घरमालकांनी पाव शतक वापरली होती, ती त्या कायद्याने बुजवली. राज्यभरातील भाडेकरू संघटनांनी एकजुटीने, बांधकामवाल्यांच्या देणग्या घेणाऱ्या आमदारांना निवडणुकीत पाडून, हे घडवून आणले. '४२१-ए' ची मुदत २०२२ मध्ये संपली, आणि काही काळ तिला वारस मिळाला नाही. एप्रिल २०२४ मध्ये '४८५-एक्स' या नावाने नवी करसवलत मंजूर झाली. तीत मोठ्या बांधकामांवरील मजुरांना किमान वेतनदराची अट आहे. ती बांधकाम कामगारांच्या संघटनांनी घालून घेतली. घरे कोणाला परवडावीत याच्या अटीही पूर्वीपेक्षा कडक आहेत, तरी त्या अपुऱ्या आहेत असे भाडेकरू संघटनांचे म्हणणे आहे. साखर कारखान्याच्या जुन्या विटांच्या भिंतींच्या आत २०२३ मध्ये काचेची कार्यालये उघडली, आणि कारखान्याच्या पिवळ्या पाटीची प्रतिकृती पुन्हा नदीकडे तोंड करून लावली गेली. आता आपण प्रश्नांकडे वळू.