जपानचे मनोरे आणि आपले सात मजले
(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपली इमारत सात मजल्यांची. तिच्या गच्चीवर बसून जपानच्या गगनचुंबी इमारतींची चर्चा कशाला, असं कुणालाही वाटेल. माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्या, मग ठरवा.

सुरुवात टोकियोच्या असाकुसा भागापासून करू. तिथे 1890 साली ‘र्‍योउनकाकु’ नावाचा बारा मजली मनोरा उभा राहिला. नावाचा अर्थ, ढगांच्याही वर जाणारा. आराखडा बर्टन नावाच्या स्कॉटिश अभियंत्याचा. जपानमधली पहिली विजेवर चालणारी लिफ्ट याच मनोऱ्यात होती. लोक तिकीट काढून वर जायचे आणि शहर बघायचे. 1 सप्टेंबर 1923 रोजी दुपारी बाराच्या सुमारास मोठा भूकंप झाला. मनोऱ्याचे वरचे मजले कोसळले आणि उरलेला भाग पुढे सैन्याने पाडला. त्या भूकंपात आणि नंतरच्या आगींत लाखाहून अधिक माणसं गेली.

अशा देशात उंच बांधायचं म्हणजे थट्टा नव्हे. इमारतींच्या उंचीवर तिथे साधारण 31 मीटरची मर्यादा होती आणि ती 1963 पर्यंत टिकली. टोकियो टॉवर 1958 साली 333 मीटर उंच झाला खरा, पण तो प्रक्षेपणाचा लोखंडी मनोरा, राहण्याची किंवा कचेरीची इमारत नव्हे. त्याचा नारिंगी-पांढरा रंगही शोभेसाठी नाही, विमानांना दिसावा म्हणून आहे.

मर्यादा उठली आणि 1968 साली कासुमिगासेकी इमारत पुरी झाली. 36 मजले, 147 मीटर. जपानची पहिली खरी गगनचुंबी इमारत ती हीच. तिच्यामागचा विचार होता कियोशी मुतो या भूकंप-अभियंत्याचा. इमारत दगडासारखी ताठ करायची नाही, तिला डुलू द्यायचं. ही कल्पना जपानी माणसाला परकी नव्हती. क्योतोच्या तोजी मंदिराचा पाच मजली लाकडी पॅगोडा जवळपास 55 मीटर उंच आहे. विजा पडून तो चार वेळा जळाला. आजचा पॅगोडा 1644 सालचा आहे आणि अनेक भूकंप सोसून उभा आहे. त्याच्या मधोमध एक लांब लाकडी खांब असतो, त्याला ‘शिनबाशिरा’ म्हणतात. मजले आपापल्या परीने हलतात आणि एकमेकांचा धक्का जिरवतात.

त्यानंतर उंची वाढतच गेली. 1978 साली सनशाइन 60 ही 240 मीटरची. 1993 साली योकोहामाचा लँडमार्क टॉवर, 296 मीटर. 2014 साली ओसाकाची आबेनो हारुकास, बरोब्बर 300. आणि 2023 साली टोकियोच्या आझाबुदाई हिल्समधली मोरी जेपी टॉवर, 64 मजले, सुमारे 325 मीटर. टोकियो स्टेशनजवळ टॉर्च टॉवर बांधली जात आहे, ती सुमारे 385 मीटरची होणार आहे. कागदावर तर याहून मोठी स्वप्नं होती. जपानमध्ये पैशाला पूर आला होता त्या काळात हजार मीटरच्या ‘स्काय सिटी’चा आराखडा झाला, फुजी पर्वताहून उंच अशा चार हजार मीटरच्या इमारतीचाही झाला. त्यातलं काहीच उभं राहिलं नाही.

सगळ्यांत उंच मात्र टोकियो स्कायट्री, 634 मीटर. सहा, तीन, चार हे आकडे जपानीत ‘मु-सा-शी’ असे वाचता येतात आणि मुसाशी हे त्या प्रदेशाचं जुनं नाव. तिच्या पोटात काँक्रीटचा एक उभा गाभा आहे आणि त्याचा बराचसा भाग बाहेरच्या पोलादी सांगाड्यापासून सुटा ठेवला आहे. म्हणजे पॅगोड्याचीच कल्पना. 11 मार्च 2011 चा प्रचंड भूकंप झाला तेव्हा काम चालू होतं. मनोरा डुलला, टिकला, आणि आठवड्याभरातच त्याने पूर्ण उंची गाठली.

त्याच दिवशी केंद्रापासून सुमारे 770 किलोमीटर दूर असलेल्या ओसाकात 256 मीटरची एक सरकारी इमारत जवळजवळ दहा मिनिटं हलत राहिली. छत, भिंती यांचं नुकसान झालं, लिफ्टमध्ये माणसं अडकली. पडली नाही, पण सगळ्यांना धडा मिळाला. दूरच्या भूकंपाच्या संथ लाटा उंच इमारतींना झोपाळ्यासारखा झोका देतात.

आता दोन इमारतींची गोष्ट सांगतो. आजच्या भाषणाचं सार त्यांच्यातच आहे.

पहिली शिंजुकु मित्सुई, 55 मजली, 1974 सालची. 2011 मध्ये ती हलली, पण पडली नाही. कुणीही म्हणालं असतं, झालं की मग! त्यांनी तसं केलं नाही. 2015 साली तिच्या माथ्यावर प्रत्येकी 300 टनांचे सहा लंबक टांगले. इमारत एका बाजूला झुकली की लंबक उलट बाजूला जातात आणि झोका आवरतात. चाळिशी ओलांडलेल्या, धडधाकट इमारतीवर केलेला हा खर्च आहे.

दुसरी त्याच शहरातली नाकागिन कॅप्सूल टॉवर, 1972 ची. किशो कुरोकावा या नामवंत वास्तुविशारदाची. दोन काँक्रीटच्या खांबांना 140 खोल्या, म्हणजे कॅप्सूल, बोल्टने अडकवल्या होत्या. दर 25 वर्षांनी जुनी कॅप्सूल काढायची, नवी लावायची, अशी योजना. पंचवीस वर्षं झाली, एकही बदलली गेली नाही. गळती लागली, गरम पाणी बंद पडलं. पाडून नव्याने बांधायचा ठराव 2007 साली झाला, तोही तडीला गेला नाही. शेवटी 2022 मध्ये ती उतरवली. काही कॅप्सूल आता संग्रहालयांत आहेत.

अभियंत्यांत दोन्हीकडे कसर नव्हती. फरक मालकीचा होता. मित्सुईचा निर्णय एका कंपनीने घ्यायचा होता. नाकागिनमध्ये जवळपास दर कॅप्सूलला वेगळा मालक. कुणी राहणारा, कुणी भाड्याने दिलेली, कुणी वर्षानुवर्षं कुलूप लावून गेलेला.

ओळखीचं वाटतंय ना? आपली संस्थाही अशीच बहुमालकीची आहे आणि आपणही पंचविशीत आलो आहोत. बाहेरच्या कॉलमला तडे दिसतात, पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी व्हायला हवं. सिंकिंग फंड वाढवायचा विषय दोन सर्वसाधारण सभांत पुढे ढकलला गेला. पहिल्या मजल्याला गच्चीची गळती दिसत नाही, सातव्याला पंपाचा त्रास कळत नाही, हे मीही जाणतो. पण खांब सगळ्यांचे एकच आहेत.

निवृत्त सभासदांना जादा वर्गणी जड जाते, त्यांच्यासाठी हप्त्यांची सोय करू. बाहेरगावच्या घरमालकांना पत्र पाठवून भागत नाही, फोन करू. पुढच्या सभेत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा, अशी समितीला माझी जाहीर विनंती आहे.

उंच बांधायला पैसा आणि हुशारी लागते. बांधलेलं टिकवायला शेजाऱ्यांचं एकमत लागतं, आणि ते मिळवणं पोलादापेक्षा अवघड आहे. पंचवीस वर्षांत गणपती, लग्नं, आजारपणं या सगळ्यांत आपण ते मिळवत आलो आहोत. दुरुस्तीच्या बाबतीतही मिळवू.

 चहा तयार आहे.