फुलांचे गोत्र

गोरखपूरच्या या सभेतील अनेकांनी दिंडोरी जिल्ह्यातील घुघुवा पाहिले असेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ताडकुलातील झाडे तेथे पाषाणरूप झाली आहेत. आकार टिकला, जनुके नष्ट झाली. मग वनस्पतींचे नाते शोधावे कोठे? जिवंत पेशींतील जनुक-नियामक प्रथिनांत. 'मॅड्स' या प्रथिनकुलाचे नाव यीस्ट, अरॅबिडॉप्सिस, स्नॅपड्रॅगन व मानव यांतील चार जनुकांच्या आद्याक्षरांवरून पडले. डीएनएला बिलगणारा, सुमारे ६० ॲमिनो आम्लांचा खंड त्या चौघांतही ओळखू येतो. जनुकांच्या प्रती वाढल्या, कामे वाटली गेली. काही शाखांकडे पाकळ्या, पुंकेसर व स्त्रीकेसर घडविण्याचे काम आले. नेच्यांना फुले येत नाहीत, तरीही हे कुल त्यांच्यात नांदते. फूल नवे, त्याचे गोत्र मात्र फार पुरातन आहे.