पोराचं फोटो ओळखपत्र: पंधराव्या वर्षी काय काढायचं?

सुट्टीची झोप मोडून आलात, त्याबद्दल आधी आभार. मी वकील नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि गेली काही वर्षं इथे दुबई-शारजात साईटवर सुपरवायझर आहे. पण साईटवर ज्याला फॉर्म वाचता येतो त्याच्याकडे सगळ्यांचे फॉर्म येतात, हे तुम्हाला माहीतच आहे. पगार आणि रजेच्या तक्रारींनंतर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "साहेब, पोरगं पंधराचं झालं, त्याला फोटोवालं कार्ड कुठलं काढू?"

तुमच्यात दोन प्रकारचे बाप बसलेत. एक, ज्यांची फॅमिली इथे आहे. त्यासाठी 4000 दिरहम पगार, किंवा 3000 आणि कंपनीची राहायची सोय लागते, म्हणजे असे थोडेच. बाकीच्यांची पोरं गावी. दोघांनाही मी एकच गोष्ट आधी सांगतो: पोराचं मुख्य ओळखपत्र तुमच्या नोकरीवर टांगलेलं नको.

इथल्यांचं आधी बघू. पोराकडे एमिरेट्स आयडी असतो, आपण ज्याला बताका म्हणतो तो. पंधरा पूर्ण झाली की बोटांचे ठसेही घेतात. दवाखाना, शाळा, बँक, सगळीकडे तो चालतो. 2022 पासून पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर लागत नाही, त्यामुळे इथे राहण्याचा पुरावाही तेच कार्ड. म्हणून बापाला वाटतं, झालं काम. पण ते कार्ड उभं आहे तुमच्या व्हिसावर, आणि तुमचा व्हिसा कंपनीवर. प्रोजेक्ट संपला, माणसं कमी केली, तुमचा व्हिसा कॅन्सल व्हायचा म्हटलं की आधी बायकोपोरांचा कॅन्सल करावा लागतो. कार्ड त्याच्याबरोबर गेलं.

आमच्याच साईटवरच्या एका फोरमनचं असं झालं. पोरगी नुकतीच दहावी झालेली. घरी परतायचं ठरलं तेव्हा तिच्याकडे काय होतं? बताका, जो आता बाद. पासपोर्ट, पाच वर्षांचा, चार महिने उरलेला. आधार, त्यावर सहाव्या वर्षीचा फोटो आणि तेव्हाचेच ठसे. अकरावीचं ॲडमिशन, वसतिगृह, बँकेचं खातं, प्रत्येक खिडकीवर तिला विचारलं, ही तूच का? पोरगी हुशार होती, पण महिनाभर रांगेतच गेला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पहिलं काम पासपोर्ट, आणि तोही पूर्ण मुदतीचा. लहान पोराचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर असतो. पण 15 ते 18 या वयात दहा वर्षांचा मागता येतो. फॉर्मवर तसा पर्याय असतो, तो कुणी भरत नाही. का, तर एजंट विचारत नाही. भारतात साध्या 36 पानी पासपोर्टला फी 1000 ऐवजी 1500 रुपये. पाचशे रुपये वाचवायला जाऊन अठराव्या वर्षी, ऐन बारावी-कॉलेजच्या धांदलीत, पुन्हा सगळं करायचं? मला ते पटत नाही. जमलं तर दहावीचा निकाल हातात आल्यावर अर्ज करा. दहावी पास असल्याचा पुरावा जोडला की पोरगं नॉन-ईसीआर होतं. ईसीआर पासपोर्टवर कामाला येताना काय हाल होतात, ते या खोलीत बऱ्याच जणांनी भोगलंय.

आता आधार. पंधरा पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे, डोळे आणि फोटो नव्याने द्यावेच लागतात. पाचव्या वर्षी एकदा, पंधराव्या वर्षी दुसऱ्यांदा. 15 ते 17 मध्ये ते पहिल्यांदा कराल तर पैसे लागत नाहीत. हे काम भारतातच होतं, इथल्या दूतावासात नाही, तेव्हा सुट्टीला जाताना पहिल्याच आठवड्यात उरका. शेवटच्या आठवड्यात लग्नं आणि पाहुणे असतात. परदेशात राहणाऱ्या पोराचं आधार नव्याने काढायचं असेल तर त्याचा चालू भारतीय पासपोर्ट लागतो, म्हणून क्रम आधी पासपोर्ट, मग आधार. मोबाईल नंबर मात्र गावी चालू असलेला द्या, आईचा दिलात तर उत्तम. तुमचं रिचार्ज न केलेलं जुनं सिम दिलंत, तर ओटीपी कुठे जाईल? आणि आधारवर जाऊन कुणी नागरिकत्वाचा पुरावा समजू नका, तो फक्त ओळखीचा कागद आहे.

मग खिशात काय ठेवायचं? पासपोर्ट तर नाहीच. पंधरा-सोळाचं पोर छत्री हरवतं, पासपोर्टचं काय घेऊन बसलात. गावी असेल तर शाळा-कॉलेजचं फोटोचं कार्ड पुरतं, रेल्वेतही ते चालतं. आधारची कॉपी द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. इथे असेल तर बताका खिशात, पासपोर्ट कपाटात.

पॅन कार्डाबद्दल विचारतात. अठराच्या आतल्या पोराच्या पॅनवर फोटो नसतो, त्यामुळे ओळखपत्र म्हणून ते बिनकामाचं. लायसन्स सोळाव्या वर्षी मिळतं, पण फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि तसली गाडी आता कुणाकडे दिसते? मतदार कार्डाला अठरा.

नावावर जरा थांबतो, कारण आपल्या मराठी लोकांची सगळ्यात मोठी अडचण इथे आहे. दहावीच्या बोर्डाच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग पोराचं, मग बापाचं. आधारवर उलट. पासपोर्टला दोन रकाने, त्यात बापाचं नाव कुठे टाकायचं यावर प्रत्येक एजंटचं वेगळं मत. कुणी आडनावाचा रकाना मोकळाच सोडतो. नोव्हेंबर 2022 पासून नुसतं एकच नाव असलेल्या पासपोर्टवर यूएई व्हिजिट व्हिसा देत नाही, हे लक्षात ठेवा. बापाचं नाव पोराच्या नावाबरोबर पहिल्या रकान्यात, आडनाव दुसऱ्यात, आणि स्पेलिंग सगळीकडे अक्षर न अक्षर तेच. दहावीचा फॉर्म भरण्याआधी शाळेच्या रजिस्टरमधलं नाव तपासा. नंतर बोर्डाकडून दुरुस्ती म्हणजे हेलपाटे.

एक गोष्ट कंपन्यांची. काही ठिकाणी पीआरओ सांगतो, फॅमिलीचे पासपोर्टही ऑफिसात ठेवा, सेफ राहतील. ठेवू नका. कामगाराची कागदपत्रं मालकाने अडकवून ठेवायची नाहीत, हे इथल्या 2021 च्या कामगार कायद्यातच आहे, कलम 13. तुमचा पासपोर्ट त्यांना ठेवता येत नाही, तर पोराचा कुठून आला? प्रोसेसिंगला दिलात तर पोच घ्या, तारीख टाकून.

आणि ज्यांची पोरं गावी आहेत त्यांनी एवढं करा. अठराच्या आतल्या पासपोर्टला आईबाप दोघांचं संमतीपत्र लागतं, ॲनेक्शर डी. बाप इथे असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र भारतीय दूतावासातून साक्षांकित करून घरी पाठवावं लागतं, त्याचे काही दिवस धरा. पंधराव्या वाढदिवसाची तारीख आजच मोबाईलमध्ये टाका. फॉर्म ज्यांनी सोबत आणलेत त्यांनी मागच्या टेबलाशी या, पण पेन आपापलं आणा, माझी तीन पेनं गेल्या वेळी गेली.