वीज गेल्यावर बोर्डाला काय आठवते?



अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी तळहाताएवढा एक बोर्ड घरी आणते, संगणकाला जोडते आणि त्यावर धावणारे आकडे वडीलधाऱ्यांना कौतुकाने दाखवते. दुसऱ्या दिवशी परीक्षकांपुढे तोच बोर्ड सुरू करावा, तर आदल्या रात्रीच्या कामाचा मागमूस नसतो. पालकांना वाटते, यंत्र बिघडले. वास्तविक बोर्ड शाबूत असतो आणि मुलीने केलेली रचनाही बहुधा निर्दोष असते. ती अस्थायी स्मृतीत ठेवली गेली, एवढेच घडलेले असते. वर्षभराच्या परिश्रमांचे चीज ज्या भेदावर अवलंबून आहे, तो प्रयोगशाळेतील पहिल्याच तासाला समजावला जायला हवा.

या बोर्डांच्या केंद्रस्थानी एफपीजीए नावाची चिप असते. सामान्य चिपचे मंडल कारखान्यातच कायमचे ठरते. एफपीजीएचे मंडल वापरणारा स्वतः रचतो. अमेरिकेतील झायलिंक्स कंपनीने १९८५ साली एक्ससी २०६४ ही अशी पहिली चिप बाजारात आणली. तिच्यात अवघे ६४ तर्कखंड होते. कोणता खंड काय करील आणि कोणाशी जोडला जाईल, हे एसरॅमच्या सूक्ष्म पेशींत लिहिले जाते. अशा पेशीत दोन उलटकारी मंडले एकमेकांना धरून उभी असतात. वीज आहे तोवर हा तोल टिकतो, वीज गेली की मोडतो. मग अशी विसराळू स्मृती निवडलीच कशाला? ती हवी तितक्या वेळा पुन्हा लिहिता येते आणि नेहमीच्याच चिप-प्रक्रियेत तयार होते. शिकणाऱ्याला चुका करण्याची मुभा मिळते ती यामुळेच.

उदाहरण म्हणून विद्यार्थ्यांत लोकप्रिय असलेला बेसिस-३ हा बोर्ड घेता येईल. त्यावरील आर्टिक्स-७ चिपची संपूर्ण रचना १,७५,३६,०९६ बिट्सची असते. संगणकावरून केबलद्वारे ती थेट पाठवली तर चिपमधील एसरॅममध्ये जाते आणि केबल काढताच पुसली जाते. ती टिकवायची असेल, तर शेजारी बसवलेल्या ३२ मेगाबिटच्या फ्लॅश स्मृतीसाठी वेगळी फाइल तयार करून तेथे लिहावी लागते. शिवाय बोर्डावरचा चिमुकला जंपर फ्लॅशच्या स्थानी लावावा लागतो. तसे केले, की वीज येताच चिप आपली रचना फ्लॅशमधून स्वतःच वाचून घेते आणि ‘डन’ हा दिवा लागतो. अनेकांचे घोडे अडते ते या जंपरपाशी!

फ्लॅशमध्ये विद्युतभार निरोधक थराने वेढलेल्या कप्प्यात कोंडला जातो, म्हणून वीज नसतानाही तो वर्षानुवर्षे राहतो. पण या टिकाऊपणाची किंमत आहे. १ चा ० सहज करता येतो, मात्र ० चा पुन्हा १ करायचा तर संपूर्ण विभाग पुसावा लागतो, आणि दर पुसण्यागणिक तो थर झिजतो. अशा चिपच्या माहितीपत्रकांत साधारणतः एक लाख वेळा पुसण्याची मर्यादा दिलेली असते. एखाद्याने तापमानाची नोंद दर सेकंदाला तोच विभाग पुसून लिहिली, तर एक लाख सेकंद, म्हणजे सुमारे २८ तासांत ती मर्यादा गाठली जाईल. धावत्या नोंदींची जागा रॅममध्येच. आर्टी ए-७ या बोर्डावर त्यासाठी २५६ मेगाबाइटची डीडीआर-३ स्मृती आहे. तिच्यातील भार गळत असल्याने प्रत्येक ओळ सामान्यतः ६४ मिलिसेकंदांच्या आत ताजी करावी लागते.

फ्लॅश चिपच्या पोटातच सामावणारी मॅक्स-१० सारखी मालिकाही आहे. तेथे वेगळ्या फ्लॅशची गरज उरत नाही. याउलट नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीच्या अद्ययावत यंत्रणेत ‘रोच’ नावाचे एफपीजीए बोर्ड वापरले गेले. त्यांवर स्वतंत्र पॉवरपीसी प्रोसेसर असतो आणि तो गरजेनुसार रचना एफपीजीएत भरतो. एकच बोर्ड आज एका कामाला, उद्या दुसऱ्या कामाला जुंपता येतो, तो त्याच्या विसराळूपणामुळे.

राहता राहिला रचनेच्या चोरीचा प्रश्न. बाहेरच्या फ्लॅशमध्ये ठेवलेली रचना कोणीही वाचून नक्कल करू शकतो, म्हणून ती कूटबद्ध करतात. तिची २५६ बिट्सची चावी चिपमध्ये कायमची कोरता येते, किंवा बॅटरीवर जगणाऱ्या रॅममध्ये ठेवता येते. केसी ७०५ या बोर्डावर त्यासाठी एक छोटी बटन-बॅटरी आहे. बॅटरी काढली आणि मुख्य वीजही बंद असली, की चावी नष्ट होते. येथे विसरणे हेच संरक्षण ठरते. तरीही २०२० साली जर्मनीतील बोखुमच्या संशोधकांनी या ७-मालिकेतील चिपचे कवच भेदले. त्यांनी चावी चोरली नाही. कूटबद्ध रचनेत फेरफार करून त्यांनी चिपलाच ती उलगडायला लावली आणि उलगडलेला एकेक शब्द ३२ बिट्सच्या एका नोंदकोशात लिहवून घेतला. चिप रीसेट झाल्यावर बाकी रचना पुसली जाई, तो नोंदकोश मात्र तसाच राही, आणि तेथून तो शब्द वाचता येई. दोष सिलिकॉनमध्येच असल्याने विकल्या गेलेल्या चिपमध्ये तो दुरुस्त करण्याचा मार्ग नाही.