छपरावरचे आकाश कोणाचे?



जमीन ज्याची, तिच्यावरचे आकाशही त्याचेच, असे एक सूत्र इंग्रजी कायद्यात शतकानुशतके चालत आले. आकाशात केवळ पाखरे उडत होती, तोवर त्याने कोणाचे काही बिघडले नाही. विमान आले आणि सूत्र अपुरे पडले. अमेरिकेत याचा निर्णायक दावा लढवला तो एका कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबाने. उत्तर कॅरोलिनातील ग्रीन्सबरोजवळ कॉझ्बी यांची २.८ एकर जागा होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी विमाने तिच्यावरून अवघ्या ८३ फुटांवरून जाऊ लागली. भेदरलेल्या सुमारे १५० कोंबड्या भिंतींवर आदळून मेल्या, धंदा बुडाला. १९४६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी निर्णय दिला की, ते जुने सूत्र आधुनिक जगात टिकणार नाही. मात्र जमिनीच्या उपभोगास आवश्यक असे लगतचे आकाश मालकाचेच आहे. ते नेमके किती फुटांवर संपते, हे मात्र न्यायालयाने सांगितले नाही.

या अनिश्चित पट्ट्यातच आज ड्रोन उडतो. अमेरिकेच्या २०१६ च्या नियमांनी लहान व्यावसायिक ड्रोनला सर्वसाधारणपणे ४०० फुटांची कमाल मर्यादा घातली. खालची मर्यादा घातली नाही. २०१५ साली केंटकी राज्यातील हिलव्ह्यू येथे एका गृहस्थाने आपल्या आवारावर आलेला ड्रोन बंदुकीने पाडला. तो किती उंचीवर होता, यावरच दोन्ही पक्षांचे मतभेद होते. स्थानिक न्यायाधीशांनी गृहस्थावरील आरोप काढून टाकले. ड्रोनचा मालक संघीय न्यायालयात गेला, तेव्हा २०१७ साली, हा विषय आपल्या अधिकारक्षेत्रातला नाही, असे म्हणून त्या न्यायालयाने दावा फेटाळला. मिशिगनमधील लाँग लेक टाउनशिपने तर एका रहिवाशाच्या आवारातील भंगार सिद्ध करण्यासाठी वॉरंटाशिवाय ड्रोनने छायाचित्रे घेतली. २०२४ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, ती अशा दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालतील, असे ठरवले; ती घेणे घटनाविरोधी होते काय, हा मूळ प्रश्न अनिर्णितच ठेवला.

या तिन्ही प्रकरणांत तक्रार करणाऱ्याच्या पायाखाली स्वतःची जमीन होती. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याने कोणत्या आकाशावर हक्क सांगावा? हा प्रश्न भारतात अधिक तीव्र होतो. येथील २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रात सामान्यतः ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही. नोंदणी, परवाने आणि सुरक्षितता यांवर त्या नियमांचा भर आहे. कोणाच्या अंगणावरून किती खालून जावे, याचे उत्तर त्यांत मिळत नाही. बंगल्याच्या मालकाला उंच कुंपण आहे, वकील आहे. झोपडपट्टीत गोणपाटाच्या आडोशाला आंघोळ करणाऱ्या स्त्रीला वरून काहीच आडोसा नाही, आणि त्या जागेचा सातबाराही तिच्या नावावर नाही.

म्हणून आकाशाच्या मालकीचा हा वाद मुळातच चुकीच्या टोकाने धरला गेला आहे. २०१७ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि तो जागेला नव्हे, व्यक्तीला चिकटलेला असतो, हे तत्त्व मान्य केले. ड्रोनच्या कायद्याची उभारणी याच तत्त्वावर झाली पाहिजे. वस्तीवरील उड्डाणाला खालची मर्यादा हवी. चित्रीकरणासाठी मालकाची नव्हे, राहणाऱ्याची संमती हवी. मग तो भाडेकरू असो वा झोपडीवासी. शासनाला एखाद्याच्या घरावर ड्रोन फिरवायचा असेल, तर कारण नमूद केलेला लेखी आदेश हवा, आणि तो आव्हानयोग्य असावा.

शेतीवर औषध फवारणारा, पुरात अडकलेल्यांचा शोध घेणारा ड्रोन हवाच आहे. यंत्राशी कोणाचे वैर नाही. ज्याच्यापाशी जमीन नाही, त्यालाही लाज आहे, प्रतिष्ठा आहे, एवढेच कायद्याने मान्य करावयाचे आहे.