हॅरिस शिल्ड आणि पॅड बांधून बसलेला मुलगा
(मंडळाच्या स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो. रूळ, खडी आणि स्लीपर यांच्यात वीस-बावीस वर्षं गेली. कार्यवाहांनी ‘मुलांच्या खेळावर दहा मिनिटं बोला’ असं सांगितलं, तेव्हा आधी टाळलंच. पण आमच्या सोसायटीच्या गेटवर हल्ली पालकांची एकच चर्चा असते. मुलाने शाळेच्या टीममध्ये वेळ घालवावा, की पैसे भरून त्याला सरळ अकॅडमीत टाकावं? हा प्रश्न माझ्याही घरात आहे. चिरंजीव आठवीत आहेत, शाळेच्या संघात आहेत आणि या मोसमात बहुतेक सामने बाहेर बसूनच पाहिले आहेत. सौभाग्यवतींचं मत अकॅडमीकडे झुकलंय. माझं मत का झुकत नाही, ते सांगण्यासाठी तुम्हाला मुंबईला न्यावं लागेल.

लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे माजी कप्तान. कारभारापेक्षा क्रिकेटमध्येच यांचा जीव जास्त, अशी टीका त्यांच्यावर तेव्हाही होत असे. १८९३ साली मुंबईत दंगल पेटली असताना साहेब बरेच दिवस पुण्यातच राहिले, हे लोकांना फार लागलं. त्याच वर्षी लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाची हाक दिली. म्हणजे आपला गणपती आणि मुंबईचं शालेय क्रिकेट ही एकाच दशकातली भावंडं म्हणायची. कारण शाळांच्या स्पर्धांना बांधलेलं रूप त्याच दशकात आलं आणि ढालीला नाव लागलं हॅरिससाहेबांचं. पुढे लहान मुलांसाठी गाइल्स शिल्ड आली. आज हॅरिस शिल्ड सोळा वर्षांखालील आणि गाइल्स शिल्ड चौदा वर्षांखालील मुलांसाठी असते, आणि दोन्ही मुंबई शालेय क्रीडा संघटना भरवते. साहेब गेले, राज्य गेलं, ढाल राहिली.

ज्यांनी आझाद मैदान पाहिलेलं नाही त्यांना सांगतो. आपल्या सीएसएमटी स्टेशनातून बाहेर पडून पाच मिनिटं चाललं की मैदान. तिथे बावीस खेळपट्ट्या शेजारी शेजारी आहेत. या सामन्याचा कव्हर शेजारच्या सामन्याच्या मिडविकेटजवळ उभा. चेंडू आपला की त्यांचा, हे ओळखून पळायचं. कडेला कापडी तंबू, आणि टेबलावर वही घेऊन बसलेला स्कोअरर. मुलं लोकलने यायची, गर्दीच्या डब्यात किटबॅग डोक्यावर घेऊन. पृथ्वी शॉ लहानपणी विरारहून वांद्र्याला सरावाला जायचा. चर्चगेटपासून विरार ६० किलोमीटर आणि वांद्रे १५, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. मुंबईच्या क्रिकेटवर लिहिणारे रेल्वेचा उल्लेख करायला विसरतात, म्हणून मी केला.

त्या स्कोअररच्या वहीला फार मान असे. ३० धावा केल्या की पेपरात नाव छापून येई. सचिन तेंडुलकरने आत्मचरित्रात सांगितलंय की, एकदा त्याच्या २४ धावा झाल्या होत्या. स्कोअररने अवांतरातल्या सहा त्याच्या नावावर घालून ३० केल्या आणि दुसऱ्या दिवशी नाव छापून आलं. आचरेकर सर रागावले. न केलेल्या धावा तुझ्या नावावर का? मला विचाराल तर ६६४ धावांपेक्षा या सहा धावांची गोष्ट मुलांना आधी सांगावी.

मीही गाइल्स शिल्ड खेळलोय. हसू नका. परळचा मुलगा, वडील वर्कशॉपमध्ये. शाळेचं नाव सांगत नाही, कारण एकच सामना खेळलो आणि आमचा अख्खा डाव ४१ धावांत आटोपला. मी अकरावा. शून्यावर नाबाद, एवढाच माझ्या नावावरचा पराक्रम. पण आधी आम्ही दिवसभर क्षेत्ररक्षण केलं होतं. समोरच्यांनी किती धावा केल्या ते आठवत नाही. आमचे पीटीचे सर दर षटकाला ओरडून आमची नावं घेत होते, ते आठवतं. त्यांना त्याचे पैसे मिळत नव्हते.

आता ते प्रसिद्ध ६६४. फेब्रुवारी १९८८, हॅरिस शिल्डची उपांत्य फेरी, आझाद मैदान. शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन चौदा वर्षांचा, नाबाद ३२६. विनोद कांबळी सोळा वर्षांचा, नाबाद ३४९. डाव घोषित करा म्हणून बाहेरून खुणा चालल्या होत्या आणि ही दोघं तिकडे बघतच नव्हती. शेवटी २ बाद ७४८ वर डाव घोषित झाला, मग विनोदने सहा बळीही घेतले. हे सगळं तुम्हाला पाठ आहे.

पण त्या मैदानावर आणखी दोन मुलं होती. एक अमोल मुजुमदार. पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसला, आणि भागीदारी संपेपर्यंत बसूनच राहिला. त्याची फलंदाजी आलीच नाही. दुसरा समोरच्या संघातला साईराज बहुतुले. २७ षटकं टाकली, १८२ धावा दिल्या, बळी एकही नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या वाट्याला असा दिवस आला की घरी जेवण जात नाही.

यातला अमोल १९९४ साली रणजीचा पहिला सामना खेळला तो कुठे, माहीत आहे? आपल्या फरीदाबादला, हरियाणाविरुद्ध. २६० धावा केल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातला तो त्या वेळचा जागतिक विक्रम, आणि तो २०१८ पर्यंत टिकला. पुढे त्याने अकरा हजारांवर धावा केल्या, मुंबईचं नेतृत्व करून २००६-०७ची रणजी जिंकली, पण भारताची टोपी मिळाली नाही. पुन्हा पॅड बांधून बसणंच. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता. साईराजला १९९० मध्ये मोटार अपघातात पायाला जबर दुखापत झाली. तरी तो उभा राहिला, २००१ मध्ये भारताकडून कसोटी खेळला आणि प्रथम श्रेणीत सहाशेवर बळी घेतले.

आता दुसरी बाजू. शालेय क्रिकेट म्हणजे सगळं सोवळं आहे, असं माझं म्हणणं नाही. नामांकित शाळा चांगली मुलं गोळा करतात. खुद्द सचिननेही क्रिकेटसाठीच शाळा बदलली होती. २००९ मध्ये सर्फराझ खानच्या ४३९, २०१० मध्ये अरमान जाफरच्या ४९८, २०१३ मध्ये पृथ्वी शॉच्या ५४६, आणि तिघंही एकाच शाळेचे. विक्रम झाला की आपण टाळ्या वाजवतो, पण समोर दिवसभर उन्हात पळणारी अकरा मुलं असतात. एवढी विषम लढत व्हावी, हे मला पटत नाही. एक्केचाळीसवाल्या संघातला आहे ना मी!

तरीही अकॅडमीत मूल स्वतःसाठी खेळतं. फी आपण भरलेली असते, तेव्हा त्याची बॅटिंग आलीच पाहिजे. शाळेच्या संघात ती येईलच असं नाही. दिल्लीत अशा स्पर्धा नाहीत असंही नाही. हवाई दलाचा सुब्रतो कप शाळांच्या फुटबॉलसाठी १९६० पासून भरतो. दिल्ली गेटजवळच्या आंबेडकर स्टेडियमवर त्याचे सामने झालेले आहेत. आपल्यापैकी किती जण मुलांना घेऊन ते बघायला गेलो? मी गेलेलो नाही, हे आधीच कबूल करतो. पहाडगंजचं नूतन मराठी विद्यालय आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तिथून करनैल सिंग स्टेडियम, म्हणजे आपल्या रेल्वेचं मैदान, हाकेच्या अंतरावर. पण तिथे आपण जातो ते ओळखीने पास मिळाला तर.

अकॅडमीचा फॉर्म घरी टेबलावर पडून आहे, अजून भरलेला नाही. येत्या शनिवारी शाळेचा सामना आहे आणि चिरंजीव पुन्हा बारावे आहेत. मी रजेचा अर्ज दिलाय, साहेब समोरच बसले आहेत, तेव्हा मंजूर होईल अशी आशा आहे. सौभाग्यवतीही येणार आहेत. फॉर्मचं काय ते सामना बघून ठरवू, असं आमचं ठरलंय.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे. गणपती बाप्पा मोरया!